गाडी हलली की आपली

प्रिय थोरल्या,

टँकरवाल्याने हे पाकीट हातात दिलं असेल तर आधी त्याला पाणी विचार, मग आत जाऊन बस आणि हे शेवटपर्यंत वाच. मध्येच उठायचं नाही. तू कसा वाचतोस ते मला ठाऊक आहे; चार ओळी झाल्या की तुला सगळं कळलेलं असतं. शाळेतही अर्धा प्रश्न वाचून उत्तर लिहायचास आणि वर मास्तरांवरच डोळे वटारायचास. हा स्वभाव माझ्याकडूनच आलाय, खाण तशी माती, तेव्हा मी कुणाला बोल लावू? पण या खेपेला माझ्यासाठी एवढं कर. सूनबाईने मला सगळं सांगितलंय. गोदीतून तू रजा काढलीस, वेल्डिंगच्या शेडमध्ये बसून पोलादी पट्टीला स्वतः धार लावलीस, तिला मूठ बसवलीस आणि टॉवेलात गुंडाळून बॅगेच्या तळाशी ठेवलीस. तिच्यावर ओरडू नकोस, पोर घाबरलीय. तू काडीला मारायला येतोयस. धंद्यातल्या आपल्या वैऱ्यांच्या, पुलाखालच्यांच्या, त्या हडकुळ्या ड्रायव्हरला, ज्याने धाकट्याचा जीव घेतला असं तुला बाबांनी सांगितलं. बाबांना तू म्हणालास, मी येईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही, तो माझा आहे. हे वाक्य त्यांनी यार्डात चारचौघांना ऐकवलं. इतक्या दिवसांत त्यांची छाती पहिल्यांदा फुगलेली मी पाहिली.

फोन का नाही केलास, असं म्हणशील. एक तर माझा फोन राहिलेला नाही, त्याचे तुकडे झाले. ते कसे झाले तेही पुढे येईल. सूनबाईशी बोलले ती शेजारच्या नर्सबाईंच्या फोनवरून. आणि दुसरं म्हणजे तू फोनवर ऐकून घेणारा माणूसच नाहीस. एक घाव दोन तुकडे, आणि मग फोन बंद. पत्राचं बरं असतं, फाडायचं म्हटलं तरी माणूस आधी वाचतो. माझा डावा हात गळ्यात बांधलाय, त्यामुळे कागद सरकतो आणि ओळी वाकड्या जातायत. तेवढं सांभाळून घे.

मी या घरात आले तेव्हा रिंगरोड नव्हता. दारासमोर कच्चा रस्ता होता आणि पलीकडे माळरान. मग सरकारने शहराभोवती हा आठ पदरी रस्ता फिरवला, मधोमध सिमेंटचा दुभाजक घातला, आणि आपलं घर त्याच्या कडेला आलं. शहर आत राहिलं, बाकी जग बाहेर, आणि आपण ना आतले ना बाहेरचे. लहानपणी तू विचारायचास, बाबा, हा रस्ता जातो कुठे? ते म्हणायचे, कुठे जात नाही, फिरून परत येतो, आणि येताना आपल्याला जेवायला आणतो. खरंच होतं ते. त्यावरून माणसं अशी काही सुटायची की रोज कुणीतरी कुणावर आदळायचंच, आणि आदळलेली गाडी ओढून आणायला बाबांची क्रेन जायची. मी वरच्या खोलीत वायरलेसवर बसायचे, तू माझ्या मांडीवर. तू बोलायला लागलास तेव्हा पहिल्या चार शब्दांत 'हूक' होता. लोकांची पोरं मामा-काका म्हणतात.

या धंद्याचा कायदा तुला पाठ आहे, तरी लिहिते, कारण सगळं घोडं तिथेच अडलंय. गाडी हलली की आपली. नुसता हूक अडकवून भागत नाही, दुसरा येऊन तो काढून फेकतो. क्रेनच्या विंचने दोर गुंडाळत गाडी पडल्या जागेवरून हातभर तरी सरकवली पाहिजे, मग तिच्याकडे पुलाखालचेही बघत नाहीत. त्या हातभर जागेसाठी या रस्त्यावर किती डोकी फुटली! पुलाखालच्यांचा म्हातारा मालक, सोनदात्या, त्याचा खरा दात बाबांच्या पान्याने पडलेला. आणि बाबांच्या पाठीवर जो लांब वण आहे तो सोनदात्याच्या साखळीचा. दोघं एकमेकांची आठवण रोज आरशात बघतात आणि मग कामाला निघतात.

तू घर सोडलंस तो दिवस मी विसरलेले नाही. विमानतळाच्या उतारावर व्हॅन उलटली होती, तू हूक घेऊन आधी पोचला होतास. आत एक बाई होती, काचेला गाल चिकटलेला, आणि ती डोळे उघडून तुझ्याकडे बघत होती. तू हूक टाकलास आणि काच फोडायला धावलास. तेवढ्यात पुलाखालच्यांनी आपला हूक लावून व्हॅन हलवली. बाई वाचली, गाडी गेली. घरी आल्यावर बाबांनी तुला इंजिनच्या पट्ट्याने मारलं. मी मध्ये पडले तर मलाही दोन बसले. शर्ट फाटून पाठीची सालटं निघाली तरी तू ओरडला नाहीस. मग तू वळलास आणि एकाच ठोशात त्यांच्या नाकाचं हाड मोडलंस. ते जमिनीवर बसून रक्त थुंकत होते आणि तू बॅग भरत होतास. मी कुणाकडे आधी जायचं? मी तुझ्याकडे आले, आणि ते ही गोष्ट कधीच विसरले नाहीत. इतकी वर्षं तुम्ही बापलेक एका शब्दाने बोलला नाहीत. आता बोलताय, ते एका माणसाला ठार मारण्याबद्दल.

तू गेल्यावर गाडीखाली शिरायचं काम धाकट्याकडे आलं. तुला तो शाळकरी म्हणूनच आठवत असेल. पुढे चांगला तुझ्याएवढा उंच झाला होता, आणि जीभ तर अशी की यार्डातला तो दांडगा ड्रायव्हर, ज्याला सगळे बोका म्हणतात, तोही त्याच्या तोंडाला लागायचा नाही. कामावर असताना तो माझ्याशी अखंड बोलायचा. वायरलेसच्या बोलायच्या बटणावर रबर गुंडाळायचा, म्हणजे ते दाबलेलंच राहायचं, दोन्ही हात मोकळे, आणि मग गाडीखालून सुरू. मुख्यालय, आज जेवायला काय? मुख्यालय, या गाडीच्या मालकाने गेल्या जन्मी तेल बदललं होतं वाटतं. बाबा चिडायचे, कारण एकाचं बटण दाबलेलं असलं की दुसऱ्या कुणाचं बोलणं कुणालाच पोचत नाही, आख्खी लाइन अडते. शंभरदा सांगितलं असेल. ऐकतो कोण? मीही रागावायचे, पण खरं सांगते, मला ते आवडायचं. दिवसभर खिडकीखाली तो घोंघाट आणि त्यातून माझ्या पोराची बडबड.

त्या दिवशी दुपारी कारखान्याच्या उताराशी एक पिकअप दुभाजकावर चढून कलंडली होती. तुला बाबांनी काय सांगितलं ते मला माहीत आहे, पोलिसांनाही तेच सांगितलं. धाकटा खाली शिरून साखळी आवळत होता, पुलाखालचे टॉमीचे लोखंडी दांडे घेऊन उतरले, काडीने पलीकडून हूक लावला, माणूस खाली आहे हे दिसत असताना विंच सुरू केला आणि गाडी ओढली. आपल्या माणसांनी काडीला धरलं तेव्हा त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत रक्ताने माखलेले होते आणि तो धाकट्याच्या पायांशी होता. मग तो झटापटीत सुटला आणि पळाला. असं तुला सांगितलं ना? पळाला म्हणून?

थोरल्या, मी ऐकत होते. बटणावर रबर होतं. धाकटा म्हणाला, आई, पुलाखालचे आलेत, बाबांना सांग घाई नको, दुसरी साखळी राहिलीय. मी माझं बटण दाबलं आणि ओरडले, थांबा, तो खाली आहे, थांबा. आणि माझा आवाज कुठेही गेला नाही, कारण लाइन त्यानेच अडवलेली. मी दोन्ही हातांनी तो खोका गदागदा हलवत होते. मग विंच सुरू झाला. पुलाखालच्यांचे विंच नवे आहेत, घुं असा एकसारखा आवाज. आपल्या मोठ्या क्रेनच्या विंचच्या चाकाचा एक दात तुटलाय, तो दर फेऱ्याला खट् करतो. तू त्याच आवाजावर झोपायचास. मी घुं ऐकला नाही. मी खट् ऐकला, परत खट्, परत खट्, आणि मग पत्रा मोडल्याचा आवाज आणि त्याच्या आत माझ्या पोराचा.

नंतर एक अनोळखी आवाज धाकट्याच्या वायरलेस सेटच्या अगदी जवळ आला. सोडा, सोडा, माणूस आहे खाली, अहो सोडा! धापा टाकत होता. विंच थांबला. धाकटा अजून बोलत होता. काय बोलला ते मी आत्ता लिहीत नाही, पुढे लिहिते. मग धावत आलेली पावलं, आपल्या लोकांच्या शिव्या, आणि लोखंड अंगावर पडल्याचे आवाज. लोखंड मांसावर पडतं तेव्हा कसं वाजतं ते तुला माहीत आहे. तो अनोळखी माणूस ओरडत होता की मी काढत होतो त्याला, मी काढत होतो. मग बोक्याचा आवाज, घाल अजून. मग कुणाचा तरी पाय सेटवर पडला आणि सगळं बंद झालं.

दुसऱ्या दिवशी धाकट्याला निरोप देऊन आलो. घरात बायका जमल्या होत्या, मला पाणी पाजत होत्या, आणि मी एकाएकी उठले, छोट्या क्रेनची किल्ली घेतली आणि निघाले. मांडीवर टॉमी. सगळ्यांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. फिरलंच होतं. मला काडी हवा होता. मला त्याच्याकडून ऐकायचं होतं की मीच केलं. म्हणजे माझे कान खोटे ठरले असते आणि ज्या माणसाबरोबर सगळं आयुष्य काढलं तो खरा ठरला असता. त्यासाठी मी काडीचं डोकं नारळासारखं फोडायला तयार होते. असं सरळच लिहिते, तुझ्यापासून काय लपवायचं? तू जे बॅगेत भरलंयस तेच माझ्या मांडीवर होतं.

जागेवर वाळू टाकली होती. रक्त आणि ऑइल दोन्ही त्याखाली. मला वाटलं होतं पुलाखाली जाऊन त्याला बाहेर ओढायचं, पण त्याआधी जागा बघावी म्हणून उतरले, तर कठड्याच्या पत्र्यावर हाताचे ठसे होते. रस्त्याच्या बाहेरच्या बाजूला, खाली जाणारे. पळालेला माणूस कठड्यावरून उलटा कशाला जाईल? मी वाकून पाहिलं. उताराखाली पावसाचं पाणी जायला सिमेंटचा नाला आहे ना, त्याच्या तोंडाशी एक बूट होता. आणि बुटात पाय होता. त्याला मारून, मेला समजून वरून फेकून दिलं होतं. मी बसत, घसरत खाली गेले. तो जिवंत होता. एक गुडघा नको त्या दिशेला वळलेला, तोंड सुजून डोळे मिटलेले, आणि उजव्या हाताची बोटं... ती बोटं मारामुळे तशी झालेली नव्हती. चिरडून सपाट झाली होती. गाडीच्या वजनाखाली हात घातल्याशिवाय तसं होत नाही, हे मला कुणी शिकवायला नको.

तरी मी त्याच्या छातीवर पाय दिला. टॉमी डोक्यावर धरला. म्हटलं, शेवटचं काय बोलला माझा मुलगा? चुकलास तर इथेच संपवेन. त्याला मी नीट दिसतही नसेन. तो म्हणाला, आईला हाक मारत होता. आई, ऐकतेयस ना, आई, ऐकतेयस ना, असं सारखं. त्याला बरं वाटावं म्हणून मीच आईच्या वतीने म्हटलं, हो, ऐकतेय. मी खोटं बोललो, बाई, तिथे कुणी नव्हतं. आता तुला सांगते, थोरल्या. धाकट्याचं ते शेवटचं बोलणं मी सेटवर ऐकलं होतं. आणि त्यानंतर एका पुरुषाचा आवाज हळूच म्हणाला होता, हो, ऐकतेय. ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं, बाबांनाही नाही. माझा पाय आपोआप खाली आला. मग मी त्या नाल्यात त्याच्या शेजारी बसून इतकी रडले की वरून जाणाऱ्या गाड्यांचा आवाजही मला येईना.

त्याला वर काढायला छोट्या क्रेनची दोरी सोडली, दोन पट्टे त्याच्या काखेतून घेतले आणि विंच बोटाबोटाने ओढला. तो बेशुद्ध झाला ते बरंच झालं. इस्पितळात नेता येईना, तिथल्या फाटकात बोका बसला होता. आपलं काम अर्धवट राहिलं की काय अशी शंका त्याला आलीच होती. मग कुठे नेला ते शेवटी सांगते. आधी बाबांचं ऐक.

त्याच्या दुसऱ्या दिवशी ते जेवायला वर आले. मी ताट वाढलं नाही. म्हटलं, विंच आपला होता. त्यांनी मान वर केली नाही. म्हटलं, मी ऐकलंय, खट् खट् ऐकलंय, दुसरी साखळी राहिलीय हेही ऐकलंय. मग म्हणाले, मी क्रेनच्या आरशात बघत होतो. ते लोक उतरत होते, टॉमी घेऊन येत होते, मी त्यांच्याकडे बघत होतो, खाली बघितलंच नाही. हलवली असती तर भांडण तिथेच मिटलं असतं. हे ते मला समजावून सांगत होते, जसं काही मी ग्राहक आहे. क्षणभर, खोटं कशाला बोलू, मला त्यांची दया आली. मी म्हटलं, हे थोरल्याला सांगा, पोलिसांना सांगा, चूक म्हणून सांगा. आणि फोन उचलला तुला लावायला. तेव्हा ते उठले. फोन भिंतीवर फुटला. मी किटली उचलून त्यांच्या कपाळावर घातली, गरम होती, मीही काही हात जोडून उभी राहणारी नाही. त्यांनी माझा हात दाराच्या फटीत धरला आणि दार लोटलं. मनगटाचं हाड मोडल्याचं आम्ही दोघांनी ऐकलं. मग तेच खाली बसले, तोंड दोन्ही हातांत घेऊन, आणि म्हणाले, हे बाहेर गेलं तर स्वतःच्या पोराला खाल्लेला बाप म्हणून लोक माझ्या दारात थुंकतील. काडी मेलाय, त्याला काय फरक पडतो?

त्या दिवसापासून ते यार्डातच क्रेनच्या केबिनमध्ये झोपतात, आणि आपलं खोटं खरं करायला रोज काहीतरी पेटवतात. सोनदात्याच्या दोन क्रेन डिझेल ओतून जाळल्या. एकीत त्यांचा क्लीनर झोपलेला होता, तो जळत्या पाठीनिशी उडी मारून वाचला. त्यांनी उलट आपल्या बोक्याला उतारावर गाठलं आणि साखळीने त्याचा डावा डोळा काढला. परवा तर अशी गंमत, म्हणजे गंमतच म्हणायची: आपली एक क्रेन त्यांच्या एका क्रेनच्या पाठीला लागली, रिंगरोडची पुरी फेरी झाली, दुसरी झाली, आणि मग त्यांची अजून एक आपल्या मागे. शेवटी कोण कोणाचा पाठलाग करतोय हेच कळेना. तिघांचं डिझेल संपलं आणि तिन्ही क्रेन ओढायला चौथी क्रेन लागली. मी हसले. त्यानंतर त्यांची माणसं आपल्या भिंतीवरून चढली, पेटत्या बाटल्या घेऊन. एकाचा हात कुंपणावर दिसला तो मी धावत जाऊन धड हाताने फावडं घालून ठेचला. कोण होता माहीत नाही. त्याची किंकाळी बायकी होती, म्हणजे पोरसवदाच असावा. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात; इथे सुकं कोण तेच कुणाला आठवत नाही.

आणि एके सकाळी काडीची आई आली. यार्डाच्या फाटकाशी उभी राहिली, डोक्यावर ऊन. म्हणाली, जिवंत मागत नाही, मेलेला तरी द्या, मला त्याला निरोप द्यायचाय. बाबा खुर्चीतून उठलेही नाहीत. गाड्या धुवायचा पाइप बोक्याने तिच्यावर सोडला. ती पडली, उठली, परत तेच म्हणाली, परत पाणी, परत पडली. मी खिडकीत होते. मला ओरडून सांगायचं होतं, अगं बाई, जा घरी, आहे तो. पण ओरडले असते तर तासाभरात तो नसता. दुपारी नर्सबाईंच्या हाती तिला निरोप धाडला. ती नर्सबाईंचे हात धरून बसली म्हणे.

तर आता हे पत्र कशासाठी लिहिलं ते. मी तुला येऊ नकोस म्हणणार असं तुला वाटलं असेल. तसं नाही. तू बाबांना म्हणालास ना, मी येईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही? नाही लावू दिला. काडी तुझ्या खोलीत आहे, तुझ्या खाटेवर, तुझा जुना निळा शर्ट घालून, माझ्या डोळ्यांसमोर. मागच्या जिन्याने वर नेला, नर्सबाई माझं प्लास्टर बघायच्या निमित्ताने येतात आणि त्याला बघून जातात. दोन बोटं कापावी लागली. काल बाबा जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे राहून वर बघत होते आणि विचारत होते की एका बाईला एवढं जेवण कसं लागतं. त्यांना कळलंय, किंवा उद्या कळेल. हायवे पोलिसांचा साहेब त्यांच्याच खुर्चीत बसून चहा पितो, त्याला सांगून उपयोग नाही. पण नर्सबाईंनी एक वकीलबाई गाठलीय, आणि सोमवारी सकाळी न्यायाधीश आम्हा दोघांचा जबाब स्वतः घेणार आहेत. कोर्ट रिंगरोडच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि वाटेतल्या दर उतारावर बाबांची माणसं. एका हाताने मला क्रेन चालवता येत नाही आणि काडीला पाय टेकता येत नाही. मला चालवणारा हवाय. तू शनिवारी निघणार असं सूनबाई म्हणाली, पण शनिवारची वाट बघू नकोस, टँकरवाल्याबरोबर आजच नीघ. ते पातं सूनबाईकडे दे, भाजी चिरेल. बाबा जिन्यावर आडवे येतील, तुझ्यावर हात उचलतील. त्यांना धरून ठेव, घट्ट धर, पण मारू नकोस. एक मुलगा गेला, दुसरा मला फासावर गेलेला बघायचा नाही, आणि त्या माणसाने न्यायाधीशासमोर उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांगावं ही माझी एवढीच इच्छा उरलीय. आणि बाळा, मागच्या जिन्याने येताना खालूनच मोठ्याने हाक मार. दाराआड मी जॅकचा दांडा घेऊन बसलेली असते. एकच हात धड असल्याने मला दुसरा घाव घालता येणार नाही, म्हणून कोण आलंय ते न बघताच पहिला घालणार आहे.

तुझी वाट बघणारी,
तुझीच
आई